मदत हवी आहे: बरीच वर्षं पडून असलेलं आउटबोर्ड मशीन, खोलायचं की आधी काही करून बघायचं?

खाडीकाठ :
नमस्कार मंडळी. बेलापूरजवळ दिवाळे गावात मामांची फायबरची छोटी होडी आहे. करोनाच्या आधीपासून उपडी पडलीय. तिचं आउटबोर्ड मशीन (होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन) टू-स्ट्रोक, १५ हॉर्सपॉवर, दोन सिलिंडर, दोरीने सुरू होणारं. घरामागच्या पडवीत लाकडी घोडीवर उभं करून ठेवलं होतं. बाहेरून बरं दिसतं, पण दोरी तसूभर हलत नाही. टाकीत जुनं पेट्रोल तसंच राहिलेलं, आता त्याला वॉर्निशसारखा वास येतोय.

मेकॅनिकने वरवर बघितलं आणि म्हणाला, "जाम झालंय, पूर्ण खोलून बोअर मारावा लागेल" (म्हणजे सिलिंडर आतून घासून मोठा करायचा). जो आकडा सांगितला त्यात जुनं पण चालू मशीन येईल. मामांना नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात हवी आहे. खोलण्याआधी घरच्या घरी काय तपासता येईल?

ग्रीस_हाताला :
दोरी हलत नाही म्हणजे पिस्टन जाम, असं लगेच धरू नका. बऱ्याच मशीनना गियर न्यूट्रलमध्ये नसेल तर दोरीला लॉक असतो. आधी गियरचा दांडा न्यूट्रलला आहे का बघा. तरी हलली नाही तर वरचं दोरीचं झाकण काढा, दोन्ही स्पार्क प्लग काढा आणि फ्लायव्हीलच्या (वरच्या जड चाकाच्या) नटाला पाना लावून हलकं फिरवून बघा. फिरवायचं ते फक्त घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. उलट फिरवलंत तर खालच्या पाण्याच्या पंपातल्या इम्पेलरची रबरी पाती मुडपतात. आणि पान्यावर लोंबकळू नका, जोर लावून पिस्टनची रिंग तुटली की मेकॅनिकचा आकडा खरा ठरेल.

खाडीकाठ :
दादा, लॉकच होता! न्यूट्रल केल्यावर दोरी थोडी आली, पण अर्ध्या फेऱ्यावर अडकते. म्हणजे थोडं जाम आहेच ना?

ग्रीस_हाताला :
अर्धा फेरा येतोय ही चांगली खूण आहे. आता तेल मुरवायचं. डिझेल आणि टू-स्ट्रोक ऑइल निम्मं निम्मं करून दोन्ही सिलिंडरमध्ये थोडं थोडं ओता. इथे बरेच जण फसतात: आउटबोर्ड उभं असताना त्याचे सिलिंडर आडवे असतात, त्यामुळे तेल खालच्या बाजूलाच साचतं आणि रिंगांची वरची बाजू कोरडी राहते. कार्बोरेटर रिकामा करा, मग मशीनची पुढची बाजू खाली घेऊन ते आडवं निजवा, म्हणजे प्लगची भोकं वर येतील. चार-पाच दिवस राहू द्या, रोज थोडं हलवा. मोकळं झालं की प्लग न लावता भोकांवर फडकं धरून फिरवा आणि सगळं तेल बाहेर काढा.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. आकडा किती येतो यापेक्षा दोन्ही सिलिंडर जवळपास सारखे आहेत का, ते महत्त्वाचं. एक फारच खाली असेल तर मात्र खोलणं आलं.

रॉकेलवाला :
एवढं कशाला? प्लगमधून थोडं पेट्रोल टाका, जोरात ओढा. फटफट झाली की झालं.

ऐरोलीकर_ताई :
त्यांचं ऐकू नका. कोरड्या सिलिंडरमध्ये नुसतं पेट्रोल म्हणजे उरलंसुरलं तेलही धुऊन जाणार.

सुरू करायच्या आधी खालच्या गियरबॉक्सचं तेल बघा. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. आपल्या खाडीत बहुतेकदा पंख्याच्या शाफ्टला तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा धागा) गुंडाळून सील कापलेलं असतं. इम्पेलर मात्र दिसायला कसाही असो, बदलाच. इतकी वर्षं एकाच जागी दबलेलं रबर पुन्हा उभं राहत नाही, आणि मशीन थंड ठेवणारं पाणी वर चढलं नाही तर थोड्या वेळात मशीन खरोखरच जाम होईल.

पेट्रोलची नळी आणि हाताने दाबायचा पंपही नवा घ्या. आता पेट्रोल पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, जुनं रबर त्याला टिकत नाही. कार्बोरेटर पूर्ण उघडून जेट धुवा. ताजं पेट्रोल लागेल तेवढंच आणा, मिश्रण मशीनच्या पुस्तकाप्रमाणे. ५०:१ असेल तर लिटरला २० मिली ऑइल, तेही आउटबोर्डचं टीसी-डब्ल्यू३. स्कूटरचं नको.

खाडीकाठ :
अपडेट: मशीन मोकळं झालं, पूर्ण फिरतंय! कॉम्प्रेशन दोन्हीकडे जवळजवळ सारखं आहे. गियर ऑइल ताईंनी म्हटल्याप्रमाणे दुधाळ निघालं, आणि हो, शाफ्टवर तंगूसही होता. पण आता नवे प्लग लावूनही ठिणगी अजिबात नाही. ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल गेली असेल का?

ग्रीस_हाताला :
कॉइलला हात लावायच्या आधी सांगा, बंद करायच्या बटणाची लाल दोरीवाली क्लिप जागेवर आहे का? ती नसेल तर ठिणगी येतच नाही.

खाडीकाठ :
क्लिप नाहीये. मामा म्हणतात कुठेतरी पडली असेल.

ग्रीस_हाताला :
मग आधी ती घ्या. सील, इम्पेलर, क्लिप सगळं मुंबईत रे रोडजवळच्या दारूखाना भागात विचारा, नाहीतर भाऊच्या धक्क्याला. ब्रॅकेटवरच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर फोटो काढून न्या, नुसतं "१५ चं मशीन" सांगून चुकीचा इम्पेलर गळ्यात पडतो.

पहिल्यांदा खाडीत सुरू करू नका. ओहोटीला दिवाळ्याला किती गाळ असतो ते तुम्हाला ठाऊक आहे, नवा इम्पेलर तोच गाळ ओढेल. कापलेल्या पिंपात गोडं पाणी भरा, पाणी खेचायच्या जाळ्या बुडायला हव्यात. पंखा काढून ठेवा, मशीन न्यूट्रलला ठेवा. बाजूच्या भोकातून पाण्याची पिचकारी लगेच यायला हवी. नाही आली तर बंद करा, "बघू अजून थोडं" नको. मिठाने आतले पाण्याचे रस्ते बुजलेले असू शकतात, मग थर्मोस्टॅट काढून साफ करावा लागेल.