मेलबर्नहून आलेल्या बाटल्या : यातलं भाकरीला काय चालतं?

परभणीची_सून
नमस्कार मंडळी. आमचे धाकटे भावजी मेलबर्नला असतात, दिवाळीला आले ते येताना पाच बाटल्या घेऊन आले, वहिनी तुम्हाला स्वयंपाकाची हौस आहे ना म्हणून. आता ते गेले परत आणि बाटल्या फ्रिजच्या दारात बसून माझ्याकडं बघायल्यात. व्हेजीमाइट, ताहिनी, अयवार नावाचं लाल काहीतरी, डुल्से दे लेचे आणि न्यूटेला. न्यूटेला पोरांनी तिसऱ्याच दिवशी चाटून पुसून संपवली, आता रोज नवी मागायलेत.

व्हेजीमाइटचं तर विचारूच नका. रंग बघून मला वाटलं चॉकलेटचाच प्रकार असेल, पोळीला जाम लावतो तसं भरभरून लावलं, रोल केला अन् दिला डब्यात. पोरगं शाळेतून आलं ते रडतच, आई डब्यात ग्रीस का दिलं म्हणून. मामंजींनी बोटानं चाखलं आणि म्हणाले ट्रॅक्टरच्या डब्यातलं काढून आणलं का काय. मग भावजींना फोन लावला तर ते म्हणे बिअरच्या गाळापासून करतात. झालं. आत्याबाईंनी बाटली फ्रिजमधून काढून खिडकीत ठेवली, आता ती तिथंच आहे.

तर हे खरंच दारूचं आहे का, बाकीचं ज्वारीच्या भाकरीसंगट कसं खावं, आणि न्यूटेलासारखं घरी काही जमतं का ते सांगा. टाकून द्यायला जीव होत नाही.

गोदाकाठचा_गडी
ताई, काळ्या मसाल्याची शेंगदाणा चटणी, जवस, कारळं, वर लोण्याचा गोळा. एवढं घरात असताना ह्या भानगडी कशाला? बाटल्या शेजारी वाटून टाका.

लॅबवाला_नांदेड
गडी भाऊ, थांबा की जरा, एवढ्या लांबून आलंय तर खाऊन तरी बघू द्या त्यांना.

ताई, व्हेजीमाइट दारू नाही. बिअर करून झाल्यावर टाकीत जे यीस्ट उरतं त्याचा अर्क काढून आटवतात, त्यात मीठ, माल्ट आणि भाज्यांचा स्वाद. अल्कोहोल राहत नाही, शिवाय शाकाहारी आहे, हे आत्याबाईंना आवर्जून सांगा. इंग्लंडात १९०२ पासून मार्माइट निघतं, पहिल्या महायुद्धात ते ऑस्ट्रेलियात मिळेना म्हणून मेलबर्नच्या सिरिल कॅलिस्टरनं स्वतःचं तयार केलं, १९२३ ला बाजारात आलं. म्हणजे तुमचे भावजी अगदी गावचीच वस्तू घेऊन आले.

आणि हे वाचून बाटली खिडकीतून परत आत येईल बघा. ल्युसी विल्स म्हणून इंग्लंडच्या डॉक्टर होत्या, १९२८ ला मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक वेगळाच अ‍ॅनिमिया व्हायचा, त्याचं कारण शोधत होत्या. त्यांना मार्माइट दिलं तर बायका बऱ्या झाल्या, १९३१ ला त्यांनी ते छापलं. त्यात जे गुणकारी होतं त्याला आधी विल्स फॅक्टर म्हणायचे, पुढं कळलं की ते फोलेट. आज सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला लोहासोबत फॉलिक अ‍ॅसिडची गोळी देतात त्याची सुरुवात ही अशी, आपल्या मुंबईत, असल्याच काळ्या बाटलीतून.

तुमचं चुकलं ते फक्त मापात. हे जाम नाही, मीठ भयंकर असतं. गरम टोस्टला आधी लोणी अन् त्यावर चाकूनं नुसतं पुसल्यासारखं. भाकरीला लावू नका, आमटीत पाव चमचा घाला आणि मीठ तेवढं कमी टाका, चव भरते.

तिखटवाली_काकू
अगं बाई, ताहिनी म्हणजे तीळच की, भाजलेल्या तिळाचा लगदा. वर तेल तरंगलं असेल तर घाबरू नको, खालून ढवळून घे. काबुली हरभरे रात्री भिजव, शिजवताना चिमूटभर सोडा टाक म्हणजे बोटानं चेंदा होईल इतके मऊ होतात, मग लसूण, लिंबू, मीठ, ताहिनी घालून मिक्सरला लाव, फिरवताना थोडं बर्फाचं पाणी घातलं की पांढरंशुभ्र होतं. हाच तो हमस, अरबीत हमस म्हणजे हरभराच. फ्रिजमधे तीन दिवस, त्याच्या पुढं ठेवू नको.

पण मला विचारशील तर त्याहून भारी सांगते. तुर्कस्तानात न्याहारीला ताहिनी अन् द्राक्षाची काकवी एकत्र कालवून ब्रेडला लावतात, पेकमेझ म्हणतात तिला. आपल्याकडं गुऱ्हाळाची काकवी आहेच ना. दोन चमचे ताहिनी, एक चमचा काकवी, गरम भाकरी. संक्रांतीचा तीळगूळच म्हण, फक्त पातळ.

न्यूटेलाचं : ती इटलीतल्या आल्बाची, १९६४ ची. दुसऱ्या महायुद्धानंतर कोको महाग झाला म्हणून तिथल्या लोकांनी त्यात हेझलनटचा लगदा जास्त घालून भागवलं, त्यातून पुढं ही निघाली. म्हणजे मुळात काटकसरीचाच पदार्थ, मग आपण हेझलनट कशाला आणायचे, शेंगदाणे आहेत की. पाव किलो दाणे खमंग भाजून सालं काढ, गरम असतानाच मिक्सरला लाव. आधी कूट होईल, मग गोळा, तिथं बायका थांबतात, तू थांबू नको, कडंचं खाली ढकलून फिरवत राहा, आठ-दहा मिनिटांनी तेल सुटून पातळ होतं. मधे मधे मिक्सरला विसावा दे नाहीतर मोटर जाईल (माझी गेली). मग दोन चमचे कोको, पाच-सहा चमचे पिठीसाखर, किंचित मीठ. पाण्याचा थेंब नको, ओला चमचा पण नको, नाहीतर बुरशी. खवट किंवा काळा दाणा आधीच वेचून फेक.

लातूर_नीट_रूम४
काकू आम्ही हॉस्टेलला मिक्सर कुठून आणायचा 😭 घरून शेंगदाणा चटणी येते तीच ब्रेडला लावून खायलोत

तिखटवाली_काकू
बाळा, ते पीनट बटरच आहे. उखळात कुटलेल्या चटणीला तेल सुटतंच, फक्त आपण अर्ध्यात थांबतो अन् तिखट-लसूण घालतो. वर थोडं दही घाल अन् अभ्यास कर.

भूमचा_खवेवाला
डुल्से दे लेचे बद्दल मी सांगतो, आमच्या धंद्यातलं आहे. अर्जेंटिनात लोक ब्रेडला लावतात. एक लिटर दूध, तीनशे ग्रॅम साखर, चिमूट सोडा, मंद आचेवर दीड-दोन तास. कुंथलगिरीच्या खव्यात अन् यात फरक काय, तर खव्याला साखर नसते आणि आम्ही मोठ्या जाळावर हलवत हलवत रंग न जाऊ देता आटवतो, ते लोक साखर आधीच घालून मुद्दाम तांबूस करतात, सोड्यानं रंग लवकर येतो. पुरणपोळीवर घालून बघा, मी घातलंय, तूप कमी लागतं.

अयवार म्हणजे सर्बिया-मॅसेडोनियाकडचं लाल ढोबळ्या मिरचीचं भरीत समजा. शरद ऋतूत घरोघरी पोतंभर मिरच्या भाजतात, सालं काढून तेलात तासन्‌तास परततात, हिवाळ्याची बेगमी. धपाट्यासंगट दह्याच्या जागी घ्या. उघडल्यावर फ्रिजमधे अन् लवकर संपवा.

गोदाकाठचा_गडी
बघा, शेवटी सगळं आपल्याच चुलीवर आलं. मी काय वेगळं म्हणत होतो? फक्त एक सांगतो, ते लोक ब्रेडला *लावतात*, आपण *तोंडी लावतो*. भाकरी मोडायची, कोपऱ्यानं उचलायचं. वरून थापू नका, भाकरी मऊ पडते.

परभणीची_सून
मंडळी, आठ दिवसांचा रिपोर्ट. ताहिनी-काकवी आत्याबाईंनी एकट्यांनी संपवली, मला बोटभर मिळाली. अयवार धपाट्यासंगट गेलं. पोरांना दाण्याचं न्यूटेला आवडलं पण "त्याच्यावर नाव नाही" म्हणून जुन्या बाटलीत भरून ठेवावं लागलं. गोड बाटली अजून आहे, पुरणाच्या दिवसाची वाट बघायलोत.

काळी बाटली ल्युसीबाईंच्या गोष्टीमुळं आत आली. काल तुरीच्या आमटीत पाव चमचा घातलं, कुणाला सांगितलं नाही. मामंजींनी दोनदा वाढून घेतली, म्हणाले आज येसर चांगला जमलाय. येसर घातलाच नव्हता.

आता रिकाम्या बाटल्यांत येसर अन् जवसाची चटणी भरून भावजींना पाठवावी म्हणते. तिकडचे कस्टमवाले सोडतील का?

लॅबवाला_नांदेड
ते लोक खाण्याच्या वस्तूंबाबत लै कडक आहेत. कुणासोबत पाठवली तर फॉर्मवर खाण्याचं आहे म्हणून नक्की लिहायला सांगा, लपवलं तर दंड बसतो. आणि येसरची बाटली ताहिनीची नको, उघडून विचारतील तीळ कुठं गेले म्हणून.