पोर्ट बदलून दार बंद होत नाही

विंडोजचा रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुरून कॉम्प्युटर वापरायची सोय, एरवी ३३८९ या पोर्टवर (नेटवरून आत यायच्या क्रमांकाच्या दारावर) चालतो. ‘३३८९ ऐवजी दुसरा पोर्ट आणि तगडा पासवर्ड, की रिमोट डेस्कटॉप सुरक्षित’ असं काही जण सांगतात, ते पटत नाही. उघडे पोर्ट शोधणारे स्कॅनर सगळेच पोर्ट तपासू शकतात. २०१९ मध्ये उघड झालेली विंडोज ७ वरची ब्लूकीप त्रुटी तर, एनएलए (जोडणी पूर्ण होण्याआधीच ओळख तपासणारी सेटिंग) बंद असेल तर, हल्लेखोराला लॉगिनच्या आधीच वापरता यायची. पासवर्डचा प्रश्नच नाही. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये विंडोज ७ वर टॅली चालवणारी ऑफिसं मला अजून दिसतात, म्हणून कळकळीनं लिहितोय.

राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट उघडूच नका. वायरगार्ड हे व्हीपीएन (नेटवरून जाणारा खासगी, कुलूपबंद रस्ता) लावा आणि त्याच्या आतून जोडा. योग्य किल्ली (की) नसलेल्याला तो उत्तरच देत नाही. घोडबंदरकडे केबलवाल्याचं नेट असेल तर बऱ्याचदा स्वतःचा पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोहोचता येणारा नेटवरचा पत्ता) मिळत नाही. तिथे टेलस्केल घ्या, तेही वायरगार्डवरच चालतं.