कंट्रोलच्या स्लाइडवरही शेपट्या दिसतायत, कॉमेट ॲसे करणाऱ्यांनी जरा बघा

भुरी_डाऊनी

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.चा प्रकल्प चालू आहे. द्राक्षबागेत फवारणी करणाऱ्या मजुरांच्या रक्तपेशींतलं डीएनएचं नुकसान मोजायचंय. नमुने निफाड तालुक्यातले, लॅब पुण्यात, पद्धत अल्कलाइन कॉमेट ॲसे (पेशी जेलमध्ये बसवून वीज लावायची, तुटलेला डीएनए धूमकेतूच्या शेपटीसारखा बाहेर ओढला जातो).

अडचण अशी की ज्यांचा औषधांशी संबंध नाही, म्हणजे गावातले शिक्षक, दुकानदार, त्यांच्याही स्लाइडवर शेपट्या आहेत. मजुरांच्या थोड्या लांब, पण सरांसमोर ठेवण्यासारखा फरक नाही. लायसिस, म्हणजे पेशी फोडणं, रात्रभर, अल्कलाइन बफरमध्ये ४० मिनिटं, मग २५ व्होल्ट आणि ३०० मिलिअँपिअरवर अर्धा तास. पेपरात आहे अगदी तसंच. रक्त जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत, आइसबॉक्समधून बसने येतं.

सर म्हणतात कॉमेट सोड, गॅमा-एचटूएएक्स (डीएनए तुटल्याची खूण अँटिबॉडीने दाखवणारी चाचणी) कर. अँटिबॉडीचं कोटेशन आल्यापासून तेही गप्प आहेत. काय करू?

स्लाइडवाली

खोलीत ट्यूबलाइट चालू ठेवून काम करतेस का? आमच्याकडे लायसिसनंतर सगळं मंद पिवळ्या दिव्यात चालतं. आणि बफर त्याच दिवशी बनवलेला हवा.

थंडखोली

एम.एस्सी. म्हणजे माझ्या मुलीच्या वयाची असशील, म्हणून 'तू' म्हणतो. रेडिएशन बायोलॉजीच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे.

पद्धत बदलण्याआधी एक काम कर. स्वतःचं बोट टोच. कॉमेटला दोन-चार थेंब पुष्कळ झाले. ते ताजं रक्त लगेच अगारोजच्या जेलमध्ये घाल आणि एरवी करतेस तसंच पुढे ने. त्यातल्याच एका स्लाइडवर बर्फावर ५ मिनिटं हायड्रोजन पेरॉक्साइड ठेव. पेरॉक्साइडवाल्या पेशींना झुपकेदार शेपट्या आल्या आणि साध्या पेशी गोल राहिल्या, तर तुझं टेबल निर्दोष, गडबड रस्त्यात आहे. साध्या पेशींनाही शेपट्या आल्या तर गडबड टेबलावर. कंट्रोलच्या लिम्फोसाइटमध्ये (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) शेपटीतला डीएनए साधारण दहा टक्क्यांच्या आत हवा.

टेबलावर बघायचं ते असं. लो मेल्टिंग अगारोज ३७ अंशांवर आणूनच पेशी मिसळायच्या. घाईत गरम अगारोज ओतलं की पेशी तिथेच शिजतात. लायसिसमध्ये मीठ, ईडीटीए, ट्रायटन असतंच, पण रक्त असेल तर १० टक्के डीएमएसओ घाल, ते रॅडिकल टिपतं. फुटलेल्या लाल पेशींतलं लोह नवे रॅडिकल तयार करतं, आणि आपल्याच बाटलीत झालेलं नुकसान आपण मजुराच्या खात्यावर मांडतो.

आता ते २५ व्होल्ट आणि ३०० मिलिअँपिअर. हा मंत्र नाही. तो ज्याच्या टाकीवर बसला, त्याच्या टाकीवर बसला. तुझी टाकी आखूड असेल तर तेवढेच व्होल्ट डीएनएला जास्त ओढतात. मल्टीमीटर घे आणि स्लाइड ठेवतो त्या ओट्याच्या दोन टोकांना लाव. सेंटीमीटरमागे ०.७ ते १ व्होल्ट मिळायला हवा. बफर स्लाइडच्या वर जेमतेम एक-दोन मिलिमीटर. करंट कमी-जास्त करायचा तो बफर काढून-घालून, नॉबशी खेळून नाही. टाकी कोल्ड रूममध्ये. बाहेर ठेवलीस तर मे महिन्यातला डेटा आणि डिसेंबरातला डेटा एका आलेखात बसणार नाही.

गॅमा-एचटूएएक्सबद्दल. दुहेरी साखळी तुटली की एच-टू-एएक्स या हिस्टोनच्या सेरीन १३९ वर फॉस्फेट चढतं आणि अँटिबॉडी ते दाखवते. रेडिएशननंतर सुमारे अर्ध्या तासात ठिपके भरात येतात, दुरुस्ती झाली की विझतात. आम्हाला हे सोन्यासारखं, कारण आम्हाला वेळ माहीत असायची. चार दिवसांपूर्वी फवारणीचा ब्लोअर चालवलेल्या माणसात तू काय शोधणार? सिंग आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये कॉमेट अल्कलीत नेला तो एकेरी तुटी आणि अल्कलीत उघडणाऱ्या कमकुवत जागाही दिसाव्यात म्हणून. तुला तेच हवंय. खर्चच करायचा असेल तर एफपीजी एन्झाइम घे. ऑक्सिडीकरण झालेल्या बेसवर ते काप देतं आणि शेपटी वाढते.

एक विचारायचं राहिलं. आइसबॉक्समध्ये नळ्या कशा ठेवतात?

भुरी_डाऊनी

काका, बोट टोचलं. साध्या पेशी गोल, पेरॉक्साइडच्या एकदम फुललेल्या! नमुने आणणाऱ्या दादांना फोन केला. जेल पॅक फ्रीझरमधून काढून थेट नळ्यांवर ठेवतात म्हणे, "गार राहावं म्हणून".

थंडखोली

मग झालं. नळीच्या कडेचं रक्त गोठतं आणि वितळतं, पेशी फुटतात. थंड हवं, गोठलेलं नको. नळ्या आणि पॅकच्या मध्ये जाड पुठ्ठा किंवा टॉवेल, आणि आत एक थर्मामीटर. त्याहून बरं म्हणजे तिथेच एखाद्या खोलीत जेल घालून स्लाइड लायसिसमध्ये बुडवायच्या आणि डबा गडद पिशवीत घेऊन बसमध्ये बसायचं. ट्रिपॅन ब्लू (मेलेल्या पेशी निळ्या करणारा रंग) मात्र प्रत्येक नमुन्याला. निम्म्या पेशी मेलेल्या असतील तर शेपटी मोजून काय मिळवणार?

दोनकेंद्री

मी मायक्रोन्यूक्लियसची (मुख्य केंद्रकाबाहेर दिसणारं छोटं केंद्रक) चाचणी करते, तर थोडी भर. कॉमेट आज-कालचं सांगतो, आणि ती तूट उद्या दुरुस्तही झालेली असेल. पेशी विभागताना क्रोमोसोमचा तुकडा मागे राहिला तरच मायक्रोन्यूक्लियस दिसतो, म्हणजे दुरुस्ती चुकलेलं नुकसान. रक्तावर करायचं तर पेशी कल्चरमध्ये वाढवून ४४ व्या तासाला सायटोकॅलासिन-बी (केंद्रकं दोन झाली तरी पेशी दोन होऊ न देणारं रसायन), ७२ व्या तासाला हार्वेस्ट, मग दोन केंद्रकांच्या हजार पेशी. पण ईडीटीएचं रक्त चालणार नाही, कल्चर वाढतच नाही. हिरव्या टोपणाची हेपॅरिन नळी घ्या.

बजेट नसेल तर गालाच्या आतल्या पेशी. लाकडी पट्टीने खरवडायच्या, सुई नाही, त्यामुळे मजूरही कुरकुरत नाहीत. स्टेन फॉयल्गेनच करा, गिम्साने केराटिनचे कण मायक्रोन्यूक्लियससारखे भासतात. प्रश्नावलीत तंबाखू आणि मिश्री वेगवेगळं विचारा. "व्यसन आहे का?" याला मिश्री लावणाऱ्या बायका सरळ "नाही" म्हणतात.

आणि हो, ३० माणसांच्या शंभर-शंभर पेशी म्हणजे एन (नमुन्यांची संख्या) ३००० होत नाही. एन ३०च. दरवर्षी कोणीतरी हे करतंच.

स्लाइडवाली

स्लाइडवर नावं लिहू नका, नंबर दुसऱ्याकडून टाकून घ्या. मजुराची स्लाइड आहे हे कळलं की डोळा आपोआप लांब शेपटी शोधतो.

थंडखोली

अगदी. शिक्षक-दुकानदारांशी तुलनाही मला फारशी पटत नाही. वय वेगळं, खाणं वेगळं, उन्हातलं काम वेगळं. ऑक्टोबर छाटणीच्या आधी एकदा आणि डाऊनी रोगावरच्या फवारण्या जोरात असताना एकदा, असं त्याच माणसाचं रक्त घेता येईल का?

भुरी_डाऊनी

जमेल असं वाटतंय, बागवाले ओळखीचे आहेत. पण मंजुरी एकदाच रक्त घेण्याची आहे. एथिक्स कमिटीकडे दुरुस्तीचा अर्ज टाकावा लागेल आणि संमतीपत्रकही नव्याने. तो आधी टाकते. तोवर मल्टीमीटर कोणाकडे मिळतो बघते, फिजिक्सवाल्यांकडे असेलच.