मदत हवी आहे : सराव-खटल्यासाठी ज्युरी आणि सरतपासणीबद्दल सल्ला

नमस्कार मंडळी. पुण्यात वकिली करून आता न्यू जर्सीत आले आहे. वकिलांच्या प्रशिक्षणातल्या दिवाणी सराव-खटल्यात मी वादीची बाजू मांडणार आहे. दुकानातल्या ओल्या फरशीवरून घसरून पडलेल्या ग्राहकाचा नुकसानभरपाईचा दावा आहे.

उलटतपासणी जमते, अडचण सरतपासणीची, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला प्रश्न विचारण्याची आहे. आपल्याकडे दिवाणी दाव्यात २००२ पासून ती प्रतिज्ञापत्रावर होते. त्यामुळे सूचक (उत्तर सुचवणारे) प्रश्न न विचारता साक्षीदाराच्याच तोंडून हकीकत काढून घ्यायची सवय नाही. "फरशी ओली होती ना?" असं विचारलं की लगेच हरकत! ज्यांनी इथे ट्रायल चालवल्या आहेत, त्यांनी याचा सराव कसा केला? प्रश्न लिहून ठेवता की फक्त मुद्दे?

शिवाय ज्युरी म्हणून बसायला माणसं हवीत. इथे दिवाणी खटल्यात साधारणपणे सहा ज्युरर असतात, पाच जणांचं एकमत झालं की निकाल लागतो. वकील नकोत, कायद्याशी संबंध नसलेलेच हवेत. खऱ्या खटल्यात ज्युरीची चर्चा बंद दाराआड होते. सराव-खटल्यात ती ऐकता येईल, आणि मला तीच सगळ्यात जास्त हवी आहे. एडिसन-आयसेलिनजवळ कुणाला शनिवारी दुपारी जमेल का?