प्रति: ओपनव्हीझेड की केव्हीएम?

व्हीपीएस, म्हणजे एका सर्व्हरचे भाग करून भाड्याने द्यायचे आभासी सर्व्हर, विकायला ओपनव्हीझेड घ्यावं की केव्हीएम, असा प्रश्न आहे. एका सर्व्हरवर जास्त ग्राहक बसतात म्हणून वरच्या उत्तरांत ओपनव्हीझेडचा, म्हणजे एकाच कर्नलवर वेगवेगळे कप्पे (कंटेनर) करणाऱ्या पद्धतीचा, आग्रह दिसतोय. बसतात, खरंय, पण कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, सगळ्यांचा एकच. कुणाला विंडोज हवं, कुणाला स्वतःचं कर्नल मॉड्यूल, की गाडी अडलीच. केव्हीएम, म्हणजे पूर्ण आभासी मशीन चालवायची सोय, २००७पासून लिनक्स कर्नलमध्येच आहे आणि प्रत्येक व्हीपीएसला आपापला कर्नल मिळतो. प्रॉक्समॉक्स या सर्व्हर सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये केव्हीएम आणि एलएक्ससी (हेही कंटेनरच) दोन्ही एकाच पॅनेलवरून चालतात; आपल्याच डीएनएससारख्या (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा) किरकोळ कामांना कंटेनर ठेवा, ग्राहकांना केव्हीएमच द्या. व्हीएमवेअर या अशाच कामाच्या विकतच्या सॉफ्टवेअरचे कायमस्वरूपी परवाने ब्रॉडकॉम या मालक कंपनीने डिसेंबर २०२३मध्ये विकायचे थांबवले, त्यामुळे लहान धंद्याने तो नाद सोडावा. आणि हो, सीपीयू वाजवीपेक्षा जास्त विकलात तर केव्हीएमच्या व्हीपीएसमध्ये ‘टॉप’ ही कमांड चालवल्यावर ‘एसटी’चा (स्टील, म्हणजे सीपीयू मिळायची वाट पाहण्यात गेलेला वेळ) चढलेला आकडा ग्राहकाला दिसतोच. मग तक्रारींची तिकिटं सुरू.