‘ब्लॅक पँथर’चा गवगवा: कृष्णवर्णीयांच्या पदरात नेमके काय पडले?

दूरदेशी (धागाकर्ता):

फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘ब्लॅक पँथर’ हा वकांडा नावाच्या काल्पनिक आफ्रिकी देशाच्या राजावरचा चित्रपट प्रदर्शित झाला. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांमधून लोक आफ्रिकी पेहराव करून, मुलाबाळांसह, सणाला निघाल्यासारखे थिएटरात गेले. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या मुलांना हा चित्रपट दाखवता यावा म्हणून वर्गणी काढली गेली आणि ते लोण देशभर पसरले. छातीवर हातांची फुली करून ‘वकांडा फॉरएव्हर’ म्हणण्याची पद्धत खेळाडूंपासून शाळकरी मुलांपर्यंत रुजली. या आनंदाबद्दल मला शंका नाही. त्या आनंदाला ‘समाजाच्या इतिहासातला टप्पा’ म्हटले गेले, त्याबद्दल मात्र आहे.

ब्लॅक पँथर हे पात्र १९६६ मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी या दोन श्वेतवर्णीय कलावंतांनी निर्माण केले. त्याची मालकी मार्व्हल या कॉमिक्स कंपनीकडे आणि २००९ पासून डिस्नेकडे आहे. सुमारे २० कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने जगभरात सुमारे १३५ कोटी डॉलरची तिकीटविक्री केली. तिकीटविक्री म्हणजे नफा नव्हे, हे मान्य. तरीही यशानंतर डिस्नेने मुलांच्या विज्ञानशिक्षणासाठी जी देणगी जाहीर केली ती १० लाख डॉलरची होती, हे या आकड्याशेजारी ठेवून पाहावे. फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०१९ च्या पाहणीत श्वेतवर्णीय कुटुंबाची मध्यक संपत्ती सुमारे १,८८,००० डॉलर होती आणि कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे २४,०००. एका चित्रपटाने ही दरी बुजवावी अशी अपेक्षा कोणी करणार नाही, पण ज्या घरांतून तो पैसा तिकिटाच्या खिडकीवर आला, त्या घरांकडे तो कोणत्या वाटेने परतला, हे विचारण्याचा हक्क प्रेक्षकाला आहे.

कथेविषयीही माझी तक्रार आहे. किलमाँगर हा कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात वाढलेला मुलगा. १९९२ मध्ये त्याच्या वडिलांना वकांडाच्या राजानेच, म्हणजे स्वतःच्या सख्ख्या भावाने, मारलेले असते. जगभरच्या पिचलेल्या कृष्णवर्णीयांच्या हाती शस्त्रे द्यावीत असे म्हणणारा हा एकटा, आणि तोच खलनायक ठरतो. त्याने धाडलेली शस्त्रांनी भरलेली विमाने पाडतो तो सीआयएचा गोरा अधिकारी, आणि त्याची गणना चांगल्या माणसांत होते. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक ख्रिस्तोफर लेब्रॉन यांनी चित्रपट प्रदर्शित झाला त्याच महिन्यात ‘बॉस्टन रिव्ह्यू’मध्ये नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवले होते. जल्लोषाच्या गजरात ते फारसे कोणाच्या कानी पडले नाही.

चौथी रांग:

दूरदेशी, तुमचे आकडे मी नाकारत नाही. पण जल्लोषाचे मोल केवळ तिकिटाच्या खिडकीवर मोजता येते, हे मला पटत नाही.

मी तेव्हा अटलांटाजवळ राहत होते. पहिल्याच आठवड्यात मी हा चित्रपट पाहिला, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर सत्तरी ओलांडलेल्या एक बाई नातवाला घेऊन बसल्या होत्या. दिवे मालवण्याआधी आमचे थोडे बोलणे झाले. त्या म्हणाल्या की, लहानपणी त्यांच्या गावातल्या थिएटरात कृष्णवर्णीयांना बाजूच्या दाराने जिना चढून वरच्या सज्जात बसावे लागे, आणि खालच्या खुर्च्यांवरून पडदा कसा दिसतो हे त्यांना वयात आल्यावर कळले. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यापर्यंत दक्षिणेतल्या कितीतरी थिएटरांत हीच रीत होती. त्या बाई त्या दिवशी मधोमधच्या रांगेत, कडक इस्त्रीचे पिवळे डोकेबंद बांधून बसल्या होत्या आणि समोरच्या पडद्यावर राजा, त्याची बहीण, त्याची सेनापती, त्याचे वैज्ञानिक हे सगळे त्यांच्या नातवाच्या रंगाचे होते. यातून त्या कुटुंबाची संपत्ती एका डॉलरनेही वाढली नाही. पण ‘यातून काय मिळाले’ असे त्यांना विचारण्याची माझी तरी छाती झाली नसती.

१९४० च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने कृष्णवर्णीय मुलांसमोर गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या. बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली ‘चांगली’ म्हणून निवडली. शाळांमधले वर्णविभाजन रद्द करणाऱ्या १९५४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात या संशोधनाची दखल घेतली गेली. म्हणजे मुलाच्या मनातली स्वतःची प्रतिमा ही न्यायालयानेही गंभीरपणे घेतलेली बाब आहे.

आणखी एक उदाहरण देते. ‘स्टार ट्रेक’ या मालिकेत १९६६ पासून निशेल निकल्स या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने अंतराळयानावरच्या अधिकाऱ्याची भूमिका केली. पहिल्या पर्वानंतर त्या मालिका सोडणार होत्या, तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना थांबण्याचा आग्रह केला, असे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे. पुढे १९७७ पासून त्यांनी नासासाठी स्त्रिया आणि कृष्णवर्णीय उमेदवार मिळवण्याचे काम केले. १९९२ मध्ये अंतराळात गेलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री, मे जेमिसन, यांनीही लहानपणी या मालिकेतून प्रेरणा मिळाल्याचे सांगितले आहे. किंग यांच्यासारख्या माणसाला, रस्त्यावरचा लढा ऐन भरात असताना, दूरचित्रवाणीवरची एक भूमिका राखण्यासारखी वाटली, याचा विचार व्हावा.

पडद्यामागे:

चौथी रांग यांच्या प्रतिसादाशी सहमत. मी फक्त व्यवसायाची बाजू मांडतो, कारण धागाकर्त्यांनी पैसा कोणत्या वाटेने परतला असे विचारले आहे.

वेशभूषाकार रूथ कार्टर तीन दशके या व्यवसायात होत्या, पण त्यांना पहिला ऑस्कर मिळाला तो २०१९ मध्ये, ‘ब्लॅक पँथर’साठी. कलादिग्दर्शक हॅना बीचलर यांनाही त्याच रात्री मिळाला. आपापल्या विभागात हा पुरस्कार घेणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय ठरल्या. चित्रीकरण मुख्यतः अटलांटा परिसरात झाले आणि त्यातला काही भाग टायलर पेरी यांच्या स्टुडिओत झाला. हा स्टुडिओ ज्या लष्करी तळाच्या जागेवर उभा आहे, तिथे एके काळी गुलामगिरी टिकवण्यासाठी लढणारे सैन्य होते. आज ती जागा एका कृष्णवर्णीय निर्मात्याच्या मालकीची आहे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे ‘ब्लॅक पँथर’चे कृष्णवर्णीय दिग्दर्शक रायन कूगलर. ते ओकलंडचे. याच यशाच्या बळावर २०२५ च्या ‘सिनर्स’साठी त्यांनी वॉर्नर ब्रदर्सकडून अशी अट मान्य करून घेतली की पंचवीस वर्षांनी चित्रपटाचे हक्क त्यांच्याकडे परत येतील. मोठ्या स्टुडिओकडून अशी अट फारच थोड्या दिग्दर्शकांना मिळते. २०१८ चा गवगवा झाला नसता, तर कूगलर त्या वाटाघाटीला कोणत्या ताकदीवर बसले असते?

दूरदेशी:

चौथी रांग, त्या आजींचा प्रसंग वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. त्यांच्या आनंदाचा हिशेब मागणारा मी कोण, हे तुमचे म्हणणे मी स्वीकारतो. पण निकल्स यांच्या उदाहरणाचा अर्थ मला वेगळा दिसतो. त्या भूमिकेने दार किलकिले केले, हे खरेच. पण माणसे आत आली ती निकल्स यांनी मालिका संपल्यावर वर्षानुवर्षे गावोगाव फिरून भरतीचे काम केले म्हणून. मालिकेच्या निर्मात्यांनी ते काम केले नव्हते. मला हाच फरक दाखवायचा आहे.

पडद्यामागे, कूगलर यांचा करार खरोखर मोठा आहे. पण तो एका माणसाचा करार आहे. ‘सिनर्स’ची कथा मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेल या गावात, १९३२ मध्ये घडते. त्या गावात आज चित्रपटगृहच नाही. गावकऱ्यांनी खुले पत्र लिहून विनंती केली, तेव्हा मे २०२५ मध्ये तिथे खास खेळ झाले आणि स्वतः कूगलर आले, ही त्यांची थोरवी. पण ज्यांच्या पूर्वजांची गोष्ट साऱ्या जगाने पाहिली, त्यांना ती आपल्या गावात पाहण्यासाठी अर्ज करावा लागला.

इतिहासही माझ्या शंकेच्या बाजूने बोलतो. १९७१ मध्ये गॉर्डन पार्क्स या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाच्या ‘शाफ्ट’ला मोठे यश मिळाले आणि हॉलिवूडला कृष्णवर्णीय प्रेक्षक एकाएकी दिसू लागला. काही वर्षे अशा चित्रपटांचा पूर आला आणि दशकाच्या मध्यानंतर तो ओसरलाही. तेव्हाही पहाट झाल्याचे लिहिले गेले होते. १९९३ मध्ये ड्वेन मॅकडफी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, सगळे कृष्णवर्णीय, ‘माइलस्टोन’ ही कॉमिक्सची संस्था काढली. पात्रे त्यांची, मालकी त्यांची, फक्त वितरण डीसी या मोठ्या कॉमिक्स कंपनीचे. १९९७ पर्यंत त्यांना कॉमिक्स छापणे थांबवावे लागले. ज्या जल्लोषाची तिथे गरज होती, तो तिथपर्यंत पोहोचलाच नाही.

कृष्णाकाठ:

या चर्चेत एक गोष्ट अजून आलेली नाही, आणि मराठी वाचकाला तर ती आधी आठवायला हवी. ‘पँथर’ हे नाव.

कॉमिक्समधला ब्लॅक पँथर १९६६ च्या उन्हाळ्यात आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओकलंडला ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्ष स्थापन केला. दोघांचा एकमेकांशी संबंध नव्हता. या पक्षाची बंदूकधारी छायाचित्रे सर्वांनी पाहिली आहेत; पण १९६९ मध्ये त्यांनी ओकलंडच्या एका चर्चमध्ये शाळकरी मुलांना सकाळची मोफत न्याहारी देणे सुरू केले आणि तो उपक्रम अनेक शहरांत पोहोचला, हे कमी जणांना ठाऊक असते. एफबीआयच्या प्रमुखांनी याच पक्षाला देशाच्या अंतर्गत सुरक्षेला असलेला सर्वांत मोठा धोका म्हटले होते.

१९७२ साली दोन घटना घडल्या. मार्व्हलने पक्षाशी नाव जोडले जाऊ नये म्हणून आपल्या नायकाच्या तोंडून ‘मी आता ब्लॅक लेपर्ड’ असे वदवले. काही काळाने ते मागे घेतले. आणि त्याच साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि त्यांच्या सोबतच्या तरुणांनी दलित पँथर उभी केली. ज्या नावाची धग एका कंपनीला नकोशी झाली, तेच नाव सातासमुद्रापलीकडच्या पोरांनी ओकलंडच्या पक्षाकडून आपले म्हणून उचलले आणि त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला काळा स्वातंत्र्यदिन पाळला. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना, आणि बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिले. हे नाते इतके जुने आहे.

म्हणून माझी व्यथा धागाकर्त्यांपेक्षा थोडी निराळी आहे. माझ्या भाच्याला ‘पँथर’ म्हटले की आधी चित्रपट आठवतो. ज्या नावासाठी माणसे तुरुंगात गेली, मारली गेली, ते नाव खेळण्यांच्या खोक्यावर छापले जाते, तेव्हा नेमके काय हरवते हे ज्यांच्या घरात चळवळ होती त्यांना विचारावे. चित्रपटाच्या अखेरीस राजा ओकलंडमध्ये इमारती विकत घेऊन समाजकेंद्र उघडतो. त्याच ओकलंडमध्ये पन्नास वर्षांपूर्वी गरीब तरुणांनी कोणत्याही राजाविना मुलांच्या न्याहारीची सोय केली होती, आणि चित्रपट त्यांचे नावही घेत नाही.

चौथी रांग:

कृष्णाकाठ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पण तुमच्या भाच्याला हे सांगण्याची संधी तुम्हाला कशामुळे मिळाली? त्याने ‘पँथर’ हा शब्द उच्चारला म्हणून. २०१८ मध्ये अमेरिकेत हेच झाले. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘मूव्हमेंट फॉर ब्लॅक लाइव्हज’च्या कार्यकर्त्यांनी ‘वकांडा द व्होट’ या नावाने थिएटरांबाहेर मतदार नोंदणी केली. दूरदेशी म्हणतील की ते कार्यकर्ते एरवीही राबतच होते, आणि ते बरोबर आहे. पण एरवी त्यांना दारोदार जावे लागते. त्या आठवड्यात माणसे त्यांच्यापाशी चालत आली, हसत आली, पोरांना कडेवर घेऊन आली. चळवळीत काम केलेल्या कोणालाही या फरकाची किंमत कळेल.

आणि ब्लॅक पँथरची भूमिका करणारे चॅडविक बोझमन यांचे काय? कर्करोगाने मरणपंथाला लागलेली दोन मुले हा चित्रपट पाहण्यासाठी तग धरून होती, हे एका मुलाखतीत सांगताना त्यांना रडू आवरले नाही. तेव्हा ते स्वतःही त्याच रोगाशी झुंजत होते, आणि ते बाहेर फारसे कोणाला माहीत नव्हते. २८ ऑगस्ट २०२० रोजी वयाच्या ४३ व्या वर्षी ते गेले. त्या मुलांचे वाट पाहणे डिस्नेच्या जाहिरात विभागाने घडवलेले नव्हते.

दूरदेशी:

ते घडवलेले नव्हते, हे मी मान्य करतो, आणि माझ्या पहिल्या लिखाणात मी जल्लोष आणि जाहिरात यांची गल्लत केली हेही मान्य करतो. लोकांचा जल्लोष त्यांचा स्वतःचा होता. मालकीच्या प्रश्नावर मात्र मी आहे तिथेच आहे: वकांडा आजही डिस्नेचा आहे, आणि क्लार्क्सडेलमध्ये चित्रपटगृह नाही.

कृष्णाकाठ, ओकलंडची न्याहारी आणि १९७२ ची मुंबई यांवर आपण स्वतंत्र धागा काढावा, अशी विनंती आहे. त्या काळातली पत्रके किंवा अंक आपल्या घरी असतील, तर त्यांतला मजकूरही द्यावा.

कृष्णाकाठ:

मामांच्या ट्रंकेत काही अंक आहेत. कागद पिवळा पडून कडा तुटू लागल्या आहेत, त्यामुळे जपून हाताळावे लागतील. रविवारी भाच्यालाच सोबत घेऊन बसतो आणि टंकायला लावतो.