शेअर्ड पॉइंटर लावला की थ्रेडची काळजी मिटली? अजिबात नाही

कोथरूडकर: काल इथे सी++ बद्दल एकाने लिहिलं, ‘सगळीकडे शेअर्ड पॉइंटर लावा, तो थ्रेड-सेफ आहे, लॉकची कटकट संपली.’ वाचून राहवलं नाही. अहो, शेअर्ड पॉइंटर म्हणजे ऑब्जेक्ट किती जणांनी धरलंय तो काउंट ठेवणारा आणि शेवटच्याने सोडलं की ते फ्री करणारा पॉइंटर. त्यात ॲटॉमिक, म्हणजे अनेक थ्रेडनी (एकाच वेळी चालणाऱ्या कामांनी) एकदम बदलला तरी न चुकणारा, असतो तो फक्त काउंट. आतलं ऑब्जेक्ट नाही, आणि पॉइंटरचं व्हेरिएबल तर नाहीच. प्रत्येक थ्रेडकडे स्वतःची कॉपी असेल तर ठीक, पण एकच ग्लोबल पॉइंटर एक थ्रेड कॉपी करतोय आणि त्याच वेळी दुसरा त्यात नवीन ऑब्जेक्ट टाकतोय म्हणजे सरळ डेटा रेस, कारण आधी पत्ता वाचला जातो, मग काउंट वाढतो, आणि मधल्या फटीत शेवटचा रेफरन्स सुटला की तुम्ही फ्री झालेल्या मेमरीतला काउंट वाढवता. म्हणून तर सी++२० मध्ये ॲटॉमिक शेअर्ड पॉइंटर वेगळा आणावा लागला.

हिंजवडी_फेज_२: थिअरी ठेवा बाजूला. आमच्या सर्व्हरमध्ये आधी न्यू-डिलीट होतं, म्हणजे मेमरी हाताने घेणं-सोडणं, सारखे क्रॅश. शेअर्ड पॉइंटर आला आणि क्रॅश थांबले.

कोथरूडकर: थांबले की दिसेनासे झाले? थ्रेड सॅनिटायझर, म्हणजे डेटा रेस पकडणारं टूल, लावून चालवा आणि मग बोला.

पाषाणची_मी: हेच उत्तर मी इंटरव्ह्यूत दिलं, काउंट ॲटॉमिक पण पॉइंटर नाही. समोरचा म्हणाला चूक, आणि रिजेक्ट! ज्यांना स्वतःला माहीत नाही ते प्रश्न विचारतात, याचा संताप येतो.

औंधकर: रस्ट भाषेत या, हा वादच नाही. आरसी, म्हणजे तिथला साध्या काउंटचा पॉइंटर, दुसऱ्या थ्रेडला द्यायला गेलात तर कंपाइलच होत नाही, ॲटॉमिक काउंटचा आर्क लागतो, आत बदल करायचा तर म्यूटेक्सही, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारा लॉक.

हिंजवडी_फेज_२: जुना कोड रस्टमध्ये कोण लिहून देणार, तुम्ही? आणि आर्कमध्येही सायकल झाली, म्हणजे ऑब्जेक्ट्सनी एकमेकांना धरलं, की मेमरी लीक होतंच, तिथेही वीक, म्हणजे ऑब्जेक्टला धरून न ठेवणारा पॉइंटर, ठेवावा लागतो. इंटरव्ह्यूचं म्हणाल तर मी स्वतः घेतो, पाठ केलेली उत्तरं ऐकून कान किटलेत.

पाषाणची_मी: पाठ केलेलं? मी कोड लिहून दाखवला होता हो! बघितलासुद्धा नाही. फ्रेशर बोलली म्हणजे पाठांतर, हेच तुम्ही धरून चालता.

बाणेर_रात्रपाळी: भांडण जरा बाजूला ठेवा. डिस्ट्रक्टर, म्हणजे ऑब्जेक्ट नष्ट होताना चालणारा कोड, कुठल्या थ्रेडवर चालतो याबद्दल कोणीच बोलत नाहीये. शेवटचा रेफरन्स जो सोडेल त्याच्यावर! आमच्याकडे क्लासच्याच वर्कर थ्रेडच्या लॅम्डाने (छोट्या बिननावाच्या फंक्शनने) शेअर्ड पॉइंटर धरून ठेवला होता, बाहेरच्यांनी आधी सोडला, मग डिस्ट्रक्टर वर्करवरच चालला आणि त्यात जॉइन, म्हणजे वर्कर संपेपर्यंत थांबणं. थ्रेड स्वतःलाच जॉइन करायला गेला, एक्सेप्शन, आणि प्रोसेस खलास. मध्यरात्री प्रॉडक्शनवर. काउंट अगदी बरोबर होता.

हिंजवडी_फेज_२: बरं, हे आणि ग्लोबलचं मान्य. पण न्यू-डिलीटच्या गोंधळातून बाहेर काढणारा सल्ला देणाऱ्याला मूर्ख ठरवू नका.

कोथरूडकर: मूर्ख मी म्हटलंच नाही. ‘लॉकची कटकट संपली’ एवढं वाक्य त्यांनी काढावं, नवीन मुलं ते वाचून कोड लिहितात.

पाषाणची_मी: आणि इंटरव्ह्यू घेणारेसुद्धा तेच वाचतात.